आठ फुटांवर वनमाला

४ नोव्हेंबर २००१, रविवार

ही डायरी गेल्या वर्षाची आहे आणि हिच्या पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरांत 'मध्यप्रदेश शासन' छापलेलं आहे. छत्तीसगढ़ राज्य वेगळं झालं आणि रायपूरच्या आमच्या नकाशा शाखेत अशा चाळीस डायऱ्या कोऱ्या पडून राहिल्या. बडे बाबू म्हणाले, "ले जाओ श्रीपादजी, अब ये न भोपाल की, न रायपुर की." वार हाताने दुरुस्त करावे लागतील. आरेखक म्हणून पस्तीस वर्षं लोकांच्या रेघा खोडत आलो, त्यात ही थोडी भर.

लिहायला बसलो ते कॅमेऱ्यांपायी. आमची मागची खोली भोपाळहून बदलून आलेल्या एका अधिकाऱ्याला द्यायची ठरली. राजधानी झाल्यापासून गावात खोली मिळणं म्हणजे सोनं मिळणं झालंय. तो संक्रांतीनंतर येईल. त्या खोलीतल्या कपाटात माझे तीन कॅमेरे आहेत, आणि आज जेवताना वनमालेने निकाल देऊन टाकला.

"एक ठेवा. रोज हाताशी राहील असा. बाकीचे ज्याले पाहिजे त्याले देऊन टाका. तीन-तीन काहून लागतात? डोळे तं दोनच आहेत."

"अन् त्यातला बी एक मिटून घ्यावा लागते," मी म्हणालो. आमची यामिनी ताटावरून हसली आणि म्हणाली, "पापा, मम्मी सही बोल रही है." ही पोट्टी मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते.

तिघांची ओळख लिहून ठेवतो. थोरला रशियन. भिलाईच्या कारखान्यातला एक इंजिनिअर १९७२ मध्ये मायदेशी परतताना विकून गेला, तो माझ्याकडे आला. वजनाला पाटा-वरवंट्यातला वरवंटा. मधला यशिका, मेहुण्याने, म्हणजे दिवाकरने, कुवेतहून आणलेला. धाकटा कॅनन, आमचे जुने साहेब शामराव निवृत्त होताना मला देऊन गेले. तिघांची जात एकच. पाहायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. खिडकीत मधोमध एक पिवळा ठिपका असतो, त्यात माणूस दुहेरी दिसतो. कडं फिरवून दोघांना एकमेकांवर बसवलं की फोकस झाला.

या जातीचा दोष असा की लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. लग्नानंतर वनमालेला घेऊन बूढ़ा तालाबावर गेलो होतो, छत्तीसच्या छत्तीस फोटो कोरे निघाले. तेव्हापासून मी कॅमेरा डोळ्याला लावला की ती असेल तिथून ओरडते, "अहो, झाकण!" महिला मंडळाच्या भजनात पहिला आवाज तिचा असतो, त्यामुळे हे ओरडणं अख्ख्या पाऱ्याला, म्हणजे मोहल्ल्याला, ऐकू जातं. लग्नाकार्यात लोक हसतात. मी तोंडदेखला चिडतो आणि गुपचूप झाकण काढतो.

वडिलांचा नियम होता, रोज एका माणसाचे मनात आभार मानायचे. घरातल्यांचे नाही, ते धरलेलेच असतात. बाहेरच्यांचे. आजचे आभार त्या रशियन इंजिनिअरचे. नाव कधी विचारलंच नाही.

११ नोव्हेंबर, रविवार

परीक्षा सुरू. नकाशा शाखेत आम्ही शिकलो ते असं की तुलना करायची तर बाकी सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची. अंगणात तुळशीपाशी चुन्याची खूण केली, टेप लावून आठ फुटांवर दुसरी. वेळ सकाळी साडेआठ. तुळशीपाशी वनमाला, अंगावर तीच हिरवी साडी, आणि फोकस तिच्या मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांवर. मणी बारीक आणि गोल असतात, लेन्स चांगली असेल तर एकेक मोजता येतो. यापेक्षा चांगला नमुना विलायतेतही मिळायचा नाही.

पण ती पदर गळ्याभोवती लपेटून उभी राहिली.

"पदर काढ, मणी दिसू दे."

"असू द्या ना. थंडी वाजून राहिली."

"दोन मिनिटांचं काम आहे."

तिने पदर खाली घेतला आणि तुळशीकडे पाहत राहिली. रशियनने सहा फोटो काढले. या वयात बायकांना फोटोचा कंटाळा येत असावा. शिवाय दिवाळीच्या साफसफाईत धूळ जाऊन तिचा घसा बसलाय, दोन गुरुवार भजनाला गेली नाही. ज्येष्ठमध आणून दिला. सदर बाजारातल्या काष्ठौषधीवाल्याने ज्येष्ठमधाबरोबर न मागता आवळासुपारीची पुडीही दिली, त्याचे आभार.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

भाऊबीज. दिवाकर दुर्गहून आला, सकाळीच. वनमालेने ओवाळलं, मी यशिकाने सहा फोटो घेतले.

जेवताना दिवाकरने गोदावरी मावशींची नक्कल केली. या दोघांच्या नागपूरच्या मावशी. १९७१ मध्ये त्यांच्या गळ्याची गाठ काढली आणि तेव्हापासून बाई नुसती कुजबुजते. सुनेला रागवायचं असलं तरी आधी जवळ बोलावते. दिवाकरने सुनेचा कान ओढून कुजबुजत शिव्या देऊन दाखवल्या, मला हसून ठसका लागला. वनमाला चिवडा आणायला आत गेली ती बऱ्याच वेळाने आली. चिवडा मात्र टेबलावरच होता.

दिवाकर जाताना म्हणाला, "भाऊजी, ताई वाळली जराशी." म्हटलं, दिवाळीचं काम का कमी असते? त्याने दुर्गहून खास माझ्यासाठी जुन्या प्रकारचे दोन सेल शोधून आणले, यशिकाला नवे चालत नाहीत. असा मेहुणा मिळायला पुण्य लागतं.

२५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी यशिकाची परीक्षा झाली. तीच साडी, तीच खूण. मी पदराचं बोललो नाही, तिनेच काढला आणि लगेच पुन्हा घेतला.

पण आजची खरी बातमी म्हणजे स्टुडिओवाल्या तुळशीराम देवांगनकडून प्रिंट आल्या, आणि भाऊबीजेचे सहाच्या सहा कोरे. झाकण! अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. मी घरात येऊन जरा आवाज चढवला.

"अगं, तू होतीस ना समोर? ओवाळताना एकदा बोलायचं होतंस."

"म्हटलं होतं," ती म्हणाली. "दोनदा म्हटलं. तुमाले ऐकू नाही गेलं."

आता माझे कानही गेले म्हणायचे. निवृत्तीला अजून वर्ष आहे, तोवर टिकले तर बरं. यामिनी मध्येच तोंड उघडून काही बोलणार होती, पण आईने तिच्याकडे पाहिलं आणि ती गिलास घेऊन उठून गेली.

२ डिसेंबर, रविवार

कॅननची परीक्षा. या पोराची एक गंमत आज नव्याने कळली. उजेड मोजणारा डोळा याच्या लेन्सच्या कड्यातच आहे. झाकण लावलेलं असलं की त्याला अंधार वाटतो आणि तो बटणच दाबू देत नाही. मी मुद्दाम झाकण लावून वनमालेला दाखवलं. बटण दगडासारखं घट्ट.

"हा शहाणा आहे," मी म्हणालो.

"मंग झालं. आता माह्यं काम संपलं," ती म्हणाली. आवाज अजून बसलेलाच. हसली, पण हसणं जरा उशिरा आलं.

मला वाटतं निकाल जवळजवळ लागला. तरी प्रिंट पाहिल्याशिवाय सही करायची नाही.

८ डिसेंबर, शनिवार

तिन्ही परीक्षांच्या मोठ्या प्रिंट टेबलावर मांडून भिंग आणि पट्टी घेऊन बसलो. मणी तिघांतही मोजता येतात. रशियनमध्ये किंचित मऊ, यशिकात ठसठशीत, कॅननमध्ये दोन्हींच्या मधले.

एक विचित्र गोष्ट सापडली. रशियनच्या प्रिंटमध्ये डावीकडची मण्यांची ओळ सरळ उतरत नाही, बाहेर वळसा घेऊन येते. गळाही त्या बाजूला भरलेला दिसतो. मी वहीत लिहिलं: जुनी लेन्स, एका बाजूला फुगवते. मग यशिकाची प्रिंट पाहिली, तिथेही वळसा. खोडलं. कॅननमध्येही तेच. पुन्हा खोडलं. शेवटी लिहिलं: व्यक्ती मान तिरपी धरते. मी तिला म्हणालोही, "सरळ उभं राहावं माणसानं, माझी सगळी मोजणी बिघडली." तिने पोळ्यांचा तवा उतरवला आणि देवघरात जाऊन बसली.

पुढल्या शनिवारी तुळशीरामला दाखवीन. तीस वर्षं त्याने लोकांचे चेहरे धुतलेत, लेन्सबद्दल त्याचा शब्द शेवटचा.

१५ डिसेंबर, शनिवार

आज अक्षर वाईट येईल.

तुळशीरामचा स्टुडिओ सदर बाजारात सराफांच्या दुकानांच्या वर आहे. लग्नाच्या मुलींचे फोटो तो बारीक कुंचल्याने साफ करतो. कुणाचा तीळ पुसायचा, कुणाची हनुवटी कमी करायची. मी तिन्ही प्रिंट त्याच्यासमोर ठेवल्या आणि विचारलं, सांगा, कोणती लेन्स ठेवू. त्याने चष्मा वर केला. पहिली पाहिली, दुसरी, तिसरी. मग पुन्हा पहिली. लेन्सबद्दल चकार शब्द नाही.

"बाबूजी, एक बात कहूँ, बुरा झन मानहू."

"कहो."

"एक लेंस झूठ बोल सकती है. तीन मिलके एके झूठ नइ बोलें." त्याने कुंचल्याच्या मागच्या टोकाने वनमालेच्या गळ्याची डावी बाजू दाखवली. "ये मशीन में नइ हे. ये दीदी के गला में हे. डॉक्टर ला दिखाए हव?"

त्याने गेल्या वर्षीच्या गणपतीतला, त्याच रशियनने काढलेला फोटो निगेटिव्हच्या डब्यातून शोधून काढला. त्यात मण्यांच्या दोन्ही ओळी ओळंब्यासारख्या सरळ.

जिना कसा उतरलो ते आठवत नाही. रस्त्यावर स्कूटरवाला ओरडला तेव्हा कळलं मी मध्येच उभा आहे. बसलेला घसा, पदर, भजन बंद, दिवाकरचं 'वाळली', ऐकू न गेलेलं झाकण. सगळं माझ्याच हाताने या डायरीत लिहिलेलं. मण्यांवर फोकस करत बसलो आणि मणी ज्या गळ्यात आहेत तो गळा दिसला नाही. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

तुळशीराम, तुझे आभार लिहितो, पण ते या ओळीत मावत नाहीत.

१६ डिसेंबर, रविवार

ती मेथी निवडत होती. मी तिन्ही प्रिंट आणि तो जुना फोटो तिच्या परातीशेजारी ठेवले. तिने पाहिले आणि काड्या वेगळ्या करत राहिली.

"केव्हापासून?"

"पोळ्याच्या आधीपासून. आधी शेंगदाण्याएवढी होती."

"यामिनीले माहीत आहे?"

दारातून यामिनी म्हणाली, "पापा, मम्मी ने कसम दी थी," आणि रडायला लागली.

"मले ठाऊक आहे डॉक्टर काय म्हणल ते," वनमाला म्हणाली. "कापा. अन् मंग गोदावरी मावशी. तिच्या नातवाले तिचा आवाज कसा होता तेही ठाऊक नाही. माह्याजवळ दुसरं काय आहे हो? शिकली नाही, नोकरी नाही केली. मंडळात बाया माझ्या आवाजामागं गातात. तेवढंच माह्यं आहे. जायचंच असंल तं आवाजासकट जाईन मी."

मी पुष्कळ शहाणपणाचं बोलू शकलो असतो. म्हणालो मात्र अगदी स्वार्थाचं. "अन् माह्यं काय? तू गेल्यावर मी कोरे रोल धूत बसू?"

तिने मेथीची काडी माझ्या अंगावर फेकली आणि डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "चला मंग. उद्या नाही, परवा. उद्या गॅसवाला येणार आहे."

२० डिसेंबर, गुरुवार

समता कॉलोनीत डॉक्टर क्षमा यांच्याकडे गेलो होतो. मंगळवारी नंबर लागला नाही, आज लागला. बाईंनी वनमालेला घोट घोट पाणी प्यायला लावलं आणि गिळताना गळा कसा हलतो ते पाहिलं. गाठ थायरॉइडची आहे. आवाजाच्या नसेला रेटा देते आहे, श्वासनलिकेलाही. आधी सुईने तपासणी करायची. पण त्यात काहीही निघालं तरी गाठ काढावी लागणारच.

"आवाज?" वनमालेने विचारलं.

"नस वाचवायचा पूर्ण प्रयत्न करतात. पण शब्द नाही देता येत, ताई. खोटं नाही सांगणार." मग बाई मला म्हणाल्या, "अजून सहा महिने थांबला असतात तर मी काहीच सांगू शकले नसते. फोटोवरून आलेला पेशंट मी पहिल्यांदा पाहिला."

खोटं न सांगितल्याबद्दल आभार.

२९ डिसेंबर, शनिवार

सुईच्या तपासणीचा कागद आला. वाईट पेशी नाहीत. नाहीत! मी तो कागद चार वेळा वाचला, यामिनीने दोनदा, मग आम्ही शेजारच्या विनोदिनीबाईंना वाचायला दिला, कारण तीन माणसं एकच चूक करत नाहीत. खालची सही म्हणजे नुसत्या शेवया, नाव लागत नाही. ज्या कुणी सूक्ष्मदर्शकात डोळा घालून माझ्या बायकोच्या पेशी पाहिल्या, त्याचं भलं होवो.

कॅमेऱ्यांकडे कित्येक दिवसांत पाहिलेलं नाही.

८ जानेवारी २००२, मंगळवार

उद्या ऑपरेशन. डायरी संपली होती, मागच्या 'महत्त्वाचे दूरध्वनी' या पानांवर लिहितोय. सगळे भोपाळचेच नंबर, कुणी लावणार नाही.

दुपारी दवाखान्यात भरती केलं. संध्याकाळी भेटायला बसलो तर वनमाला म्हणाली, "बसा. बोलून घेते." आणि बोलतच सुटली. तुरीची डाळ कोणत्या डब्यात, यामिनीची सर्टिफिकिटं कोणत्या बॅगेत, दूधवाला सोमवारी पाणी जास्त घालतो, माझ्या निळ्या स्वेटरची बाही उसवली आहे. लग्नात माझ्या काकांनी तिच्या वडिलांना काय म्हटलं ते. बूढ़ा तालाबावर मी पायजमा दुमडून कसा बावळट दिसत होतो ते. सगळं त्या घोगऱ्या, तुटक्या आवाजात. शेजारच्या खाटेवरची छत्तीसगढ़ी म्हातारी तिच्याकडे वळून, काही न समजता, 'हव, हव' म्हणत ऐकत होती.

मी एक शब्द मध्ये बोललो नाही. नर्सने उठवलं तेव्हा उठलो. मला तो आवाज इतका आवडतो हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. आजही नाही सांगितलं. भीती वाटली, की सांगितलं तर निरोप घेतल्यासारखं होईल.

१० जानेवारी, गुरुवार

काल तीन तास लागले. सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, गाठ पूर्ण निघाली, लिंबाएवढी होती. नस दिसली, वाचवली, पण खूप ताणली गेलेली आहे. आवाज आठवड्यांत येईल, महिन्यांत येईल, पुरता येईल की अर्धा, थांबून पाहायचं. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर त्यांनी मागे उडीच मारली.

आज ती शुद्धीत आहे. माझ्याकडे पाहून तोंड उघडलं, नुसती हवा आली. तिचे डोळे भरले. यामिनीने पाटी-पेन्सिल आणली होती. वनमालेने बराच वेळ पाटीकडे पाहिलं आणि लिहिलं, 'चहा घेतला का?'

घेतला म्हटलं. घेतला नव्हता.

१४ जानेवारी, सोमवार

काल घरी आली. आज संक्रांत, आणि दरवर्षीचं हळदीकुंकू यंदा नको असं मी म्हणालो, तर पाटीवर उत्तर आलं, 'का? मी मेले का?'

त्यामुळे संध्याकाळी मंडळाच्या सतरा बायका आमच्या बैठकीत आणि त्यांच्यात मी एकटा बाप्या. वनमाला गळ्याला पट्टी बांधून खुर्चीत बसली, प्रत्येकीला कुंकू लावायची, हातावर तिळाचा लाडू ठेवायची आणि माझ्याकडे पाहायची. मग मी म्हणायचं, "तिळगूळ घ्या, गोड बोला." सतरा वेळा. विनोदिनीबाई म्हणाल्या, "श्रीपादराव, वाण बी घ्या आता, प्लास्टिकची चाळणी आहे." घेतली. बायका हसून हसून लोळल्या, वनमाला आवाज न करता हसत होती, टाके दुखतील म्हणून गळा हाताने धरून.

जाताना त्यांनी तिच्या नेहमीच्या भजनाची सुरुवात केली. पहिला आवाज कुणी लावेना. मग अडखळत तिघींनी मिळून लावला. वनमाला मांडीवर बोटांनी ताल धरून होती आणि तिचे ओठ हलत होते. मी स्वयंपाकघरात गेलो.

सतरा बायकांचे आभार. त्यातल्या एकीनेही विचारलं नाही, आवाज कधी येणार.

२७ जानेवारी, रविवार

भोपाळचे साहेब आले, नीलकंठ नावाचे भले गृहस्थ. मागची खोली रिकामी केली, तिन्ही कॅमेरे जेवणाच्या टेबलावर आले. टाळता येईना, म्हणून आज निकाल लावला.

तुळशीरामचाही सल्ला घेतला. तो म्हणाला, कॅनन ठेवा. हलका आहे, रोल पटकन भरता येतो, आणि झाकण विसरलात तर बटणच दबत नाही, "भुलक्कड़ आदमी बर बने हे," म्हणजे विसराळू माणसासाठी झकास. बरोबर आहे. आता घरात ओरडणारं कुणी नाही, म्हणजे ती आहे, देवाच्या कृपेने समोर बसून शेंगा सोलते आहे, पण ओरडणं नाही. कुजबुज आली आहे. तीही दोन वाक्यांत थकते. काल तिने मला हाक मारली असावी, मी पेपर वाचत होतो. शेवटी चमचा वाजवला.

तेव्हा निकाल असा. रोजच्या वापराला कॅनन. यशिका तुळशीरामला. रशियन माझा पुतण्या शिशिर याला, तो बिलासपूरला रेल्वेत आहे, दहा तारखेला न्यायला येईल.

योग्य निकाल आहे. योग्य निकालाने माणसाला बरं वाटतं असं ऐकून होतो.

१० फेब्रुवारी, रविवार

शिशिर अकराच्या गाडीने यायचा होता. रशियनमध्ये परीक्षेनंतर नोव्हेंबरात भरलेला दुसरा रोल अडकलेला, थोडे फोटो शिल्लक. म्हटलं, संपवून देऊ. चुन्याची खूण पुसट झाली होती, तरी दिसत होती. वनमालेला म्हटलं, एकदा शेवटची उभी राहा. तीच हिरवी साडी नेसून आली. पदराचं मी बोललो नाही, तिनेच मागे टाकला.

आठ फुटांवर उभा राहिलो. ठिपक्यात दोन वनमाला होत्या, कडं फिरवून एक केली. मण्यांच्या दोन्ही ओळी सरळ. त्यांच्या खाली गळ्यावर आडवी, बोटभर लालसर रेघ, आरेखकाने पट्टी लावून ओढावी तशी. मला खिडकीतलं जरा धूसर दिसायला लागलं. डोळा पुसला, पुन्हा लावला. बटणावर बोट ठेवलं.

"अहो, झाकण!"

फुटका आवाज होता, भांड्याला पोचा आल्यासारखा. पण मोठा होता. आठ फूट ओलांडून आला, माझ्या डोक्यावरून गेला, आणि यामिनी हातात लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. नीलकंठांच्या खोलीचं दार उघडलं. वनमाला स्वतःच्या तोंडावर हात ठेवून उभी होती.

मी लेन्सकडे पाहिलं. झाकण होतं. देवाशपथ, मुद्दाम ठेवलं नव्हतं.

"पुन्हा म्हण," मी म्हणालो.

"काहून? काढा की आधी."

काढलं. मग फोटो घेतले, सगळे, फोकस न पाहता, एकही धड येणार नाही.

शिशिर आला, जेवला. त्याला मी कॅनन दिला. तो म्हणाला, "काका, आपने तो रशियनवाला बोला था ना?" मी म्हटलं, "बेटा, हा शहाणा आहे, झाकण असलं की बटणच दाबू देत नाही. तुझं अजून लग्न व्हायचंय, तुले हाच पाहिजे." तो हसला, त्याला काही कळलं नाही. वनमालेला कळलं. तिने त्याला वाढायला घेतलेली पोळी माझ्या ताटात टाकली.

रशियन समोर खिळ्याला टांगलाय. रोज हाताशी राहील असा.

वडिलांचा नियम आज मोडतो. आजचे आभार वनमालेचे.